कार्ड घरीच राहिलं

ड्रॉवर आवरताना जुना डिजिटल कॅमेरा सापडला आणि खोपोलीची आत्या शाळेतून निवृत्त झाली तो दिवस आठवला. फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी अगदीच नवशिकी. कर्जतला घरी येऊन कॅमेऱ्यातून कार्ड काढायला गेले, तर ते सकाळपासून कॉम्प्युटरलाच लावलेलं. मला रडूच फुटलं. भावाने केबल जोडली. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मेमरीत नऊ फोटो उतरले होते. आठांत आत्या मुलींच्या घोळक्यात हसत होती. नवव्यात नुसता माझा अंगठा.

“सगळे छाप गं,” आत्या फोनवर म्हणाली. “अंगठ्याचाही. तू पण होतीस ना तिथं.”

तेव्हा तो फोटो फाडून टाकावासा वाटायचा. आज अल्बम उघडून आधी तोच शोधला. आहे जागेवर.