रिकामी प्लेट

इथे परदेशात, क्रेगीबर्नच्या आमच्या गल्लीत सुनीती खांबेटेच्या घरून कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. वाटीभर चटणी, दोन करंज्या, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर. दिवसभर सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, घरात सासूबाई श्यामलाताई, मुलगी अनुष्का युनिव्हर्सिटीत, आणि तरी हे. नाटकाच्या दौऱ्यांवर मी गावोगावी लोकांच्या घरी जेवले आहे. वाढणारा हात मला ओळखू येतो. सुनीतीचा हात सढळ. म्हणूनच पुढचं सगळं तिला इतकं लागलं.

लॉकडाऊनच्या पहिल्या वर्षातला तो एप्रिल महिना. तिच्या शेजारी पिलार राहते. स्पेनची, सत्तरीची, एकटी. सुनीती तिला कुंपणावरून डबा द्यायची. एका गुरुवारी पिलारने फॉइल लावलेली प्लेट पुढे केली. "तोर्तिया!"

तोर्तिया सुनीतीला ठाऊक होती. मेक्सिकन पोळी. लाटायचा कंटाळा आला तर म्हणून तिच्याकडे पाकीट असतंच. तरी तिने विचारलं, "मीट नाही ना?"

"छे, छे. बटाटा."

सुनीतीचा उपास होता. फॉइल न उचलताच तिने प्लेट सासूबाईंपुढे ठेवली आणि मीटिंगला बसली. श्यामलाताईंनी दोन तुकडे खाल्ले. "बटाट्याचं काय गं हे? मऊसूत झालंय!"

अनुष्का डोकावली. "आजी, दॅट्स एग!"

जन्मात अंड्याला न शिवलेल्या श्यामलाताई बाथरूममध्ये गेल्या, त्या कितीतरी वेळ बाहेर आल्या नाहीत.

मी समोरच राहते. सुनीती तणतणत माझ्या फाटकाशी आली. "काकू, फसवलं तिने. आम्ही व्हेज आहोत हे माहीत असून!"

"अगं, विचार तर तिला."

"विचारायचं काय त्यात? प्लेट घासून ठेवलीय तिच्या कुंपणावर. रिकामी. कळू दे!"

रंगमंचावर मी पुष्कळ अपमान केले, सोसले. इतका निःशब्द एकही नव्हता.

दोन दिवसांनी पिलार कुंपणाशी आली. हातात तीच प्लेट, वर नवी फॉइल. "चकाचक करून पाठवलीत! म्हणजे आवडली. दुकानात अंडी मोजकीच देतात हल्ली, पण म्हटलं, शेजाऱ्यांसाठी नाही तर कुणासाठी?"

सुनीतीने चाचरत विचारलं, "पण तोर्तिया म्हणजे पोळी ना?"

"ती मेक्सिकोत! माझा जावई तिथलाच. पहिल्यांदा जेवायला बसला तर म्हणतो, सासूबाई, ऑम्लेट छान आहे, पण तोर्तिया कुठाय? आमच्या स्पेनमध्ये हीच तोर्तिया, अंड्या-बटाट्याची."

सुनीती कशीबशी थँक्यू म्हणाली आणि आत गेली. तिची मान खाली गेलेली मला रस्त्यापलीकडून दिसली. अनुष्काने ती तोर्तिया अंगणात बसून संपवली.

संध्याकाळी सुनीती पुन्हा फाटकाशी. "स्वतःच्या वाट्याची अंडी घातली हो तिने. आणि मी तिला रिकामी प्लेट पाठवली. आई काय म्हणाल्या माहितीय? न बघता वाढलंस तू, आवडीने खाल्लं मी, आणि राग त्या बिचारीवर!"

"मग आता?"

"तिला कळलंच नाहीये, काकू. गप्प बसले तरी चालेल." मग स्वतःच म्हणाली, "तेच मनाला जास्त खातंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्लेट घेऊन कुंपणाशी गेली. मी झाडांना पाणी घालायचं निमित्त केलं. सासूबाई अंडं खात नाहीत, आमच्यात भांडं रिकामं पाठवत नाहीत, मी मुद्दाम पाठवलं, तुला बोचावं म्हणून, असं सगळं तिने खाली बघत सांगितलं.

पिलार खळखळून हसली. "म्हणजे दोन दिवस तू रागात, आणि मी खुशीत? मीच फायद्यात की!"

सुनीतीला हसता आलं नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिने भरलेली प्लेट पुढे केली.

"काय आहे?" पिलारने विचारलं.

सुनीतीने फॉइल काढली. तांदूळ, मुगाची डाळ, तूप, मिरी, खोबरं, एकेक जिन्नस बोट दाखवून सांगितला. खिचडी हे नाव शेवटी सांगितलं.