सगळ्यांचा एक ग्लास

थानोमला माणसाच्या नावाआधी त्याचे दात लक्षात राहत. फेचबुरीच्या एका दवाखान्यामागच्या खोलीत त्याने सारी हयात लोकांच्या कवळ्या बनवल्या, आणि माणसाचं तोंड ही फार घाण जागा आहे हे त्याचं पक्कं मत झालं. दवाखान्यातली मंडळी दुपारी चटईवर गोल करून जेवत. हा कोपरापर्यंत हात धुऊन बाजूला स्टुलावर. मधल्या भांड्यात कुणी तोंडातला चमचा बुडवला की हा तोंड फिरवी. हळूहळू त्याला कुणी बोलवेनासं झालं. निवृत्तीनंतर तर कित्येक महिने त्याचं कुणाबरोबर जेवण झालं नव्हतं. हे त्याला खुपे, पण सांगणार कुणाला? मेकाँग नदी ओलांडून शेजारच्या लाओसात आला तोही एकटाच, म्हणायला गुहा बघायला.

ठाखेक गावात नदीकाठी खाम्पेंगची खाणावळ होती. चार खांब, वर पत्रा, खाली एकच लांब टेबल, त्याला दोन्ही बाजूंनी बाक. नावाडी सोमफू आपल्या दोन सोबत्यांसह आधीच बसला होता.

"या दादा, सरका रे जरा," खाम्पेंग लुंगीला हात पुसत म्हणाली.

मधोमध आंबवलेल्या माशाची चटणी होती. तिच्या वासाने थानोमने नाकाला रुमाल लावला. तिघेही चिकट भाताचा गोळा बोटांनी वळत, चटणीत बुडवत, अर्धा चावत आणि उरलेला पुन्हा तिच्यातच बुडवत. बिअरचा ग्लास एकच. एकाने प्यायचा, तळातलं जमिनीवर फेकायचं, भरून दुसऱ्याला द्यायचा.

"मला वेगळा ग्लास मिळेल?" थानोमने विचारलं.

"का हो, नदीपलीकडे पाहुण्याला एकट्याने प्यायला लावतात?" सोमफू म्हणाला.

"तसं नाही. सवय आहे आपली."

"आमची थोबाडं पसंत पडली नाहीत वाटतं," एक सोबती म्हणाला.

खाम्पेंगने धुतलेला ग्लास आणला आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवला. "तिकडे बसा मग. निवांत."

कुणी रागावलं नव्हतं. ते आपल्या गप्पांना लागले. थानोम टोकाला जाऊन बसला. ही जागा त्याच्या चांगल्या ओळखीची होती.

सोमफूने खायला ठेवलेल्या म्हशीच्या भाजक्या कातड्याचा तुकडा तोंडात टाकला, कळवळला, दोन बोटं आत घालून खालची कवळी बाहेर काढली आणि चटणीच्या वाडग्याशेजारी ठेवून दिली. लाळेची तार लोंबत होती. फटीत मिरची अडकलेली. वर माशी येऊन बसली.

थानोमला उमासा आला. निघावं म्हणून त्याने पिशवी उचलली. पण नजर कवळीच्या कडेवर गेली.

"डावीकडे टोचते?"

"डावीकडेच! दोन वर्षं झाली."

"आ करा."

सोमफूने जबडा वासला. सडक्या माशाचा भपकारा थेट तोंडावर आला. हिरडीवर पांढरा चट्टा पडला होता. थानोमने कवळी उचलली. हातमोज्याशिवाय, ओली, अजून कोमट. नखं घासायची कानस काढून त्याने कड घासली, धुतली, बसवली. पुन्हा काढली, पुन्हा घासली. दर वेळी ती नव्याने लिबलिबीत होऊन हातात येई.

शेवटी सोमफूने कातडं चावलं. करकर आवाज झाला.

"खाम्पेंग, ऐकलंस?"

त्याने ग्लास भरला, निम्मा प्यायला आणि थानोमपुढे धरला. काठाला तेलकट अंगठा उमटलेला, वर भाताचं शीत तरंगत होतं. आपण आपल्याच ग्लासातून प्यायलो तर कुणी काही म्हणणार नाही, हे थानोमला ठाऊक होतं. काही म्हणणार नाहीत, आणि आपापल्या गप्पांना लागतील.

त्याने डोळे मिटून ग्लास तोंडाला लावला. कोमट, माशाळ, आणि शीत जिभेला लागलं. घोट गळ्यापर्यंत उलटून आला. तो त्याने परत गिळला.

"कशी आहे?" सोमफूने विचारलं.

"घाण."

तिघेही टेबल बडवून हसले आणि बाकावर सरकले. थानोम त्यांच्यात जाऊन बसला. ग्लास फिरून परत आला तेव्हा आधीपेक्षा जास्त बरबटलेला होता. तो त्याने घेतला.

"दादा," खाम्पेंग जवळ येऊन म्हणाली, "उद्या माझ्या सासूला आणू? तिच्या दोन्ही कवळ्या टोचतात. आणि ती त्या धूत नाही हं कधी."

थानोमने डोळे मिटले.

"सकाळी आणा," तो म्हणाला. "माझ्या पोटात काही नसेल तेव्हा."