नऊ वाजताची फेरी

देवीदास गेल्याचं त्याच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी फोनवर सांगितलं. मी ‘येतो’ म्हणालो आणि गेलो नाही. त्याच्या गावी, उमरेडला पोचलो तो थेट पुण्यानुमोदनाच्या दिवशी, मागच्या खुर्चीत बसायला.

आम्ही कॉलेजपासूनचे मित्र, पुढे नागपूरच्या एकाच कार्यालयात. घाटावरच्या एका पठारावर पवनचक्क्या आहेत. त्यांच्या पात्यांमुळे किती वटवाघळं मरतात ते मोजायचं, हे आमचं काम. खांबाखाली आखलेल्या पट्ट्यांतून देवीदास मान खाली घालून चालायचा. सापडलेलं वटवाघूळ गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेल्या मलमलीच्या पिशवीत अलगद ठेवायचा. मी म्हणायचो, “मेलेलंच आहे ना, इतकं काय जपतोस?” “तुले नाही समजणार गा. तू कागदावरचा माणूस.” हसून म्हणायचा... तेव्हा हसूनच.

फेरी उजाडताच करायची, हा या कामातला पहिला नियम. उशीर झाला की कुत्री आणि कावळे पट्टा साफ करून टाकतात. आकडा मोठा आला असता तर हंगामात, वारा मंद असताना, म्हणजे वटवाघळं जास्त उडतात तेव्हा, पाती थांबवून ठेवावी लागली असती, आणि ते पवनचक्क्यांच्या मालकांना नको होतं. मला कुणी खोटं लिही म्हणालं नाही. ‘फेरी नऊला ठेवली तर?’ एवढंच विचारलं गेलं. मी वेळापत्रक बदललं.

“काहून गा? नऊ वाजेपर्यंत कावळ्याईचं जेवण होऊन जाते,” देवीदास म्हणाला. “मी काय त्यायचं उष्टं मोजू?”

“वरून आलंय,” मी म्हणालो. वरून म्हणजे माझ्याच टेबलावरून.

अहवालात मी ‘मृत्यू नगण्य’ असं लिहिलं. पुढच्या हंगामात बाहेरचे तपासनीस पहाटेच पठारावर गेले आणि त्यांना खांबाखाली जे दिसायचं ते दिसलं. बैठकीत आमचे साहेब म्हणाले, शोधणारा निष्काळजी असावा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला उचलला... एवढंच केलं. देवीदासला काढून टाकलं.

आठवड्यानं तो एसटीनं कार्यालयात आला आणि माझ्यापुढं एक वही ठेवली. “पाहून घे.” मी म्हणालो, “नंतर पाहतो.” तिच्यात काय असेल ते मला कळलं होतं, म्हणूनच उघडली नाही. त्यानं वही उचलली. “राहू दे. तुले बी घर आहे.” त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. निष्काळजी हा शिक्का बसलेल्या माणसाला या कामात पुन्हा कुणी घेतलं नाही.

पुण्यानुमोदन आटोपल्यावर वहिनींनी एक मलमलीची पिशवी माझ्या हातात दिली. “भाऊ, हे तुमाले द्याले सांगतलं होतं त्यायनं.” चहाही विचारला नाही.

आत तीच वही. पानापानावर दोन रकाने. नऊच्या फेरीआधी तो स्वतःहून उजाडताच एक फेरी मारायचा. सापडलेलं टिपायचा आणि तिथंच राहू द्यायचा, नऊला त्यातलं किती उरतं ते पाहायला. ‘पहाटे सात वटवाघळं. नऊला एक.’ ‘पहाटे चार. नऊला काही नाही.’ प्रत्येक पानाखाली त्याची सही, आणि शेजारी ‘तपासलं’ असं लिहून माझ्या सहीपुरती कोरी जागा.

देवीदास निष्काळजी नव्हता. वेळ मी बदलली होती.

काल त्या कोऱ्या जागांवर सह्या करायला बसलो. सहीखाली तारीख घालण्याची आमच्याकडे पद्धत आहे... कालचीच घालावी लागली.