यंत्राने मारलेली हाक

सर्वसाक्षी श्रीहरीला वंदन करून, नातवाच्या मुंजीच्या सांगतेचे देवकोत्थापन आज झाले त्या निमित्ताने, हे चार शब्द लिहितो.

आमच्या व्याह्यांइतका नेमनिष्ठ जुगारी साऱ्या न्यू जर्सीत सापडणार नाही. पत्नी निवर्तल्यापासून ते लेकीकडे, म्हणजे आमच्या सूनबाईकडे, पिस्कॅटवेच्या याच घरात माझ्या शेजारच्या खोलीत राहतात. स्नान, संध्या, कपाळी गंध, सदऱ्याच्या खिशात तुळशीचे पान, आणि मग कॅसिनोची बस. चामड्याचा पट्टा सोवळ्याला चालत नाही म्हणून पँटला नाडी. निघताना मला विचारणार, "शास्त्रीबुवा, राहुकाळ केव्हा?" मी तो सांगावा आणि त्यांनी तो कटाक्षाने टाळून हरावे, असा परिपाठ.

एकदा त्यांच्या आग्रहाने मीही गेलो. त्या दालनाला खिडकी नाही, भिंतीवर घड्याळ नाही, आणि बाहेरची वाट विचारल्याशिवाय सापडत नाही. व्याही यंत्रापुढच्या खुर्चीवर मांडी घालून बसले. पडद्यावरच्या फिरत्या आकड्यांत दोन सात जुळले; तिसरा रेषेवर येता येता खाली घसरला.

"पाहिलंत? देवता जवळ आली आहे!"

"ही हारच आहे, व्याहीबुवा. जिंकता जिंकता राहिलो असं वाटावं, अशीच या यंत्राची घडण आहे."

"तुम्हाला वेदातलं कळतं, यातलं नाही. आता मध्येच उठलो तर अनुष्ठान भंगेल!"

मुंजीत सूनबाईंचे एकच मागणे होते: भिक्षावळीत आबांनी, म्हणजे व्याह्यांनी, नातवाला तिच्या आईच्या चांदीच्या वाटीतून भिक्षा घालावी. मुहूर्ताला व्याही हजर होते. जेवणे झाली आणि ते पायात बूट घालू लागले.

"बाबा, आज तरी नको ना, प्लीज."

"अगं, भिक्षावळ संध्याकाळी. नुसतं तोंड दाखवून येतो."

संध्याकाळी बटू झोळी घेऊन उभा राहिला. "मॉम, आर वी वेटिंग फॉर आबा?"

"टू मिनिट्स, बाळा," असे सूनबाई पुनःपुन्हा म्हणत राहिल्या. शेवटी तांदळांनी भरलेली ती वाटी तशीच देवापुढे ठेवली.

पाहुणे पांगल्यावर व्याही आले. राहुकाळ विचारल्यावाचून उंबरा न ओलांडणारा तो मनुष्य दारातच थबकून म्हणाला, "किती वाजले?" सूनबाई आत गेल्या.

"शास्त्रीबुवा," ते मला म्हणाले, "या घरात मी बाबा, आबा, व्याही. ही होती, तीही 'अहो' म्हणायची. नावाने हाक मारणारी एक आईच होती. तिथे यंत्रात कार्ड घातलं की पडद्यावर माझं नाव उमटतं. चहा आणणारी मुलगीसुद्धा नावानेच विचारते, कसे आहात."

आज सकाळी ते पुन्हा निघाले. राहुकाळ विचारला नाही. मी बसथांब्यापर्यंत मागे गेलो आणि आयुष्यात प्रथमच त्यांना नावाने हाक मारली. ते वळले. लहान मुलासारखे हसले, हात उंचावला, आणि बसमध्ये चढले. वाटीतले तांदूळ अजून देवापुढे आहेत.

वाचकहो, तुमच्या घरातील प्रत्येक वृद्धाला नावाने हाक मारणारे कोणी तरी श्रीहरी अखंड राखो, आणि ती हाक वेळेवर पोहोचो. कुटुंबासह तुमचे कल्याण असो.