शुक्रवारचं व्होल्टेज

माझ्या मुलीला इंजिनीअरिंगला नाशिकच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, म्हणजे ती आता होस्टेलला जाणार, हे कळलं त्या दिवशी मी सगळ्या गल्लीला पेढे वाटले आणि घरी येऊन चिडचिड केली. भाजीत मीठ जास्त झालंय म्हणालो. भाजी अळणी होती.

बारावीच्या आधी मी तिला शब्द दिला होता: प्रवेश मिळव, गेम खेळायचं मशीन घेऊन देतो. शब्द देताना मला काय ठाऊक, की गेमच्या मशीनमध्येही दोन घराणी असतात आणि त्यांची माणसं एकमेकांशी कडाकडा भांडतात! एक गेमिंगचा लॅपटॉप, रंगीत दिवे लुकलुकणारा. दुसरा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा आणि हातात धरायचे दोन रिमोट. रिमोट म्हटलं की मुलगी म्हणायची, "कंट्रोलर, बाबा, कंट्रोलर."

तिला लॅपटॉप हवा होता. मला कन्सोल. खेळणार ती, पण हट्ट माझा. कारण अगदी सरळ होतं, फक्त तोंडाने सांगण्यासारखं नव्हतं. लॅपटॉप बॅगेत बसतो आणि बॅग नाशिकला जाते. मग पोरगी दिवाळीशिवाय कशाला तोंड दाखवतेय? डबा मात्र हॉलमध्ये राहील, आमच्याच टीव्हीखाली, आणि त्याच्या ओढीने ती शनिवार-रविवार घरी येईल. एकुलती एक आहे हो. ती नसताना घर कसं वाटेल हा विचार मला पुरा करवत नव्हता, म्हणून मी मशीनचा विचार करत होतो.

बायकोने पहिल्याच दिवशी ओळखलं. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, उंदराच्या सापळ्यात भजं लावतात तसं चाललंय तुमचं."

"काहीतरीच काय!" मी म्हणालो. "प्रत्येक गोष्टीला तांत्रिक बाजू असते."

मग मी तांत्रिक बाजू तयार करायला बसलो. मी पॉवरलूमच्या कारखान्यात मेहता आहे, म्हणजे कारागिरांची हजेरी, मालाची नोंद आणि शेठच्या शिव्या, तिन्ही सांभाळतो. कॉम्प्युटरवर मला हजेरी भरता येते, आणि तो हँग झाला की बंद करून चालूही करता येतो. एवढ्या भांडवलावर मी मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागलो. फ्रेम रेट, ग्राफिक कार्ड, कूलिंग. एक दिवस कारखान्यात शेठनाच कूलिंग समजावून सांगायला लागलो. शेठ म्हणाले, "वो चार नंबर का लूम बंद पडा है, पहले उसको देखो."

घरी मात्र माझा जोर. "लॅपटॉपला पंखा असतो," मी मुलीला म्हणालो. "आपल्याकडे हवेत लूमचा कापूस उडतो. मच्छरदाणीवर बसतो, दुधावर बसतो, तो पंख्यात जाणार नाही? पंखा बंद, मशीन गरम, खेळ खलास!"

"नाशिकच्या होस्टेलात कुठे लूम आहेत, बाबा?"

हा मुद्दा व्हिडिओत नव्हता. मी घाईने दुसरा काढला. "बरं, आणि व्होल्टेज? सुट्टीला घरी आलीस, लॅपटॉप लावलास, की एका झटक्यात गेला! आपल्या गल्लीतलं व्होल्टेज म्हणजे दारुड्याची चाल." ती काहीतरी बोलणार होती, पण माझ्याकडे बघून नुसतं "हं" म्हणाली. मला वाटलं, केली निरुत्तर.

शुक्रवारी आम्ही दोघं कल्याणच्या दुकानात गेलो. आमचा रविवार शुक्रवारी असतो. लूम बंद, मेहता मोकळा. दुकानदाराने माझ्या हातात कंट्रोलर दिला आणि गाड्यांची शर्यत लावली. मी गाडी सोडली ती सरळ भिंतीत. मागे घेतली, पुन्हा भिंतीत. "अंकल, इसमें ब्रेक भी है," तो म्हणाला. मी म्हटलं, गाडीची मजबुती बघतोय. मुलगी हसून हसून खालीच बसली, आणि उठल्यावर डोळे पुसत म्हणाली, "कन्सोलच घेऊ."

इतक्या सहज! मी तर अजून दोन मुद्दे राखून ठेवले होते. ते मी येताना रिक्षात सांगितले.

संध्याकाळी डबा जोडला. चित्र लख्ख, गाड्या सुसाट. मी प्रत्येक शर्यतीत शेवटून पहिला आलो, पण छाती पुढे. "बघ," मी बायकोला म्हणालो, "एकदा तरी टीव्ही लुकलुकला का? निवड करायला डोकं लागतं."

शनिवारी सकाळी ड्युटीला निघण्याआधी एक डाव टाकावा म्हणून बसलो, तेवढ्यात शेजारच्या कारखान्यातले लूम सुरू झाले. खटखट सुरू झाली आणि टीव्ही फटकन काळा. पुन्हा लावला. अर्ध्या शर्यतीत पुन्हा काळा. हयात लूममध्ये गेलेला मी माणूस, आणि मशीन पारखलं कधी, तर शुक्रवारी! लूम बंद असताना आमच्या गल्लीत कुणाचंही काहीही चालतं.

"लॅपटॉपला बॅटरी असते, बाबा," मुलगी शांतपणे म्हणाली. "व्होल्टेज पडलं तरी चालतो."

"अगं मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढा अभ्यास केला होता." मग आईकडे बघून हसली. "आणि आईने मला भज्याचं सांगितलं होतं."

मी जेवणाचा डबा उचलला आणि वेळेआधीच ड्युटीवर गेलो.

ती होस्टेलला गेली. नंतरच्या शुक्रवारी गल्ली शांत, व्होल्टेज एक नंबर, आणि तिला नाशिकला लेक्चर. मी एकटाच खेळलो. मशीनसुद्धा मला हरवत होतं. दुसरा कंट्रोलर सोफ्यावर तिच्या जागी पडला होता. तो बघवेना, म्हणून टीव्ही बंद केला आणि उठून गव्हाच्या डब्याएवढा स्टॅबिलायझर आणला. बायको म्हणाली, "आता उंदराला यावंच लागेल."

शनिवारी दुपारी आली. हायवेवर पडघ्याला एसटीतून उतरली, तिथून रिक्षाने. मी डोकं दुखतंय सांगून कारखान्यातून पळून आलो होतो. तिने हात-पाय धुतले, दोन वाट्या आमटी प्यायली, तोवर मी शर्यत लावून तयार. "चल, एक डाव," मी म्हटलं. "हो, हो," म्हणत ती सोफ्यावर बसली आणि कंट्रोलर घेतला.

बाहेर लूम धडधडत होते, पण टीव्ही हलला नाही. वा रे स्टॅबिलायझर! पहिल्याच वळणावर मी भिंतीत गेलो आणि तिच्या हसण्याची वाट बघितली. हसणं आलं नाही. वळून बघतो तर बाईसाहेब कंट्रोलर हातात धरून गाढ झोपलेल्या, तोंड उघडं, लहानपणी झोपायची तश्शी. होस्टेलात झोप लागत नाही असं ती आईला फोनवर सांगत होती म्हणे. मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी आवाज बंद केला आणि शर्यत एकट्याने पुरी केली. जन्मात पहिल्यांदा पहिला आलो. टीव्हीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात तिची गाडी सुरुवातीच्या रेषेवरच उभी होती. राहू दे म्हटलं. उद्या संध्याकाळच्या एसटीपर्यंत तिथेच उभी राहू दे.