अस्वलाच्या पोटावरची चिठ्ठी

चिठ्ठी निघाली की वस्तू खोटी आणि ती पुसणारी बाई चोर, हे तुम्हाला पटतं का? कळंबच्या एका बंगल्याच्या मालकांना पटलं. ते फक्त शनिवार-रविवारी येतात, पण तेवढ्यात त्यांनी हा निकाल उरकला.

माझी आत्या पोशीरहून तिथे झाडलोटीला जायची. दिवाणखान्यातल्या फळीवर स्वीडन-फिनलंडचे काचेचे प्राणी होते. पाहुण्यांना साहेब प्रत्येकाचा कारखाना आणि वय ऐकवायचे, जणू त्या भट्टीत यांनीच फुंकर मारली होती. एकदा पाहुणे यायचे म्हणून आत्याने ते सगळे धुतले आणि अस्वलाच्या पोटावर चिकटवलेली कारखान्याची निळी चिठ्ठी खोबरेल लावून नखाने काढली. आमच्याकडे नव्या ताटावर चिठ्ठी तशीच ठेवणारी बाई आळशी ठरते.

साहेबांनी बिनचिठ्ठीचं अस्वल पाहिलं आणि आत्याला फाटकापर्यंत नेऊन, वॉचमन आणि पाहुण्यांसमोर, ओरडून विचारलं, “हे डुप्लिकेट आहे. खरं कुठे विकलंस?” बाजाराच्या दिवशी कशेळ्याला जाणाऱ्या जीपमध्ये हीच चर्चा.

“काम गेलं तर जाऊ दे गं,” आत्या म्हणाली. “पन चोर म्हनला तो. त्या अस्वलाला घरी नेऊन काय पेंढा घालू?”

अशा काचेच्या वस्तू जमवणारे संग्राहक काय बघतात ते मी फोनवर वाचून काढलं आणि आत्याला घेऊन बंगल्यावर गेले.

“तू काचेतली तज्ज्ञ का?” साहेब हसले.

“नाही. पण आमच्या घरी पत्रकं यायची. पत्रक खरं कुणाचं ते कळायला मजकुराआधी तळाला छापखान्याचं नाव वाचायचं, एवढी सवय आहे.”

मी अस्वल उलटं केलं आणि टॉर्च तिरका धरला. तळाच्या कडेला केसाएवढी बारीक अक्षरं कोरलेली होती: कारखान्याचं नाव, पुढे नमुन्याचा आकडा. भोवती वर्षानुवर्षं फळीवर सरकून पडलेले, वाटेल तसे गेलेले ओरखडे. कारखान्याच्या चिठ्ठ्या काळानुसार बदलतात, त्यावरून वय काढता येतं; तो एक पुरावा आत्याने धुतला, हे खरं. पण बनवणाऱ्याची सही जागेवर होती, आणि ती या संग्राहकाने कधी पाहिलीच नव्हती. ज्याला स्वतःची वस्तू उलटी करून बघायचा कंटाळा, तो माणसाची पारख करायला निघाला होता.

मग मी शेजारचा काचेचा सील मासा उचलला. चिठ्ठी शाबूत. “हा आजोबांच्या वेळचा,” असं ते पाहुण्यांना सांगत. तळावर ना सही, ना एक ओरखडा; म्हणजे फळीवर वर्षं काढलेलीच नाहीत. मी तो त्यांच्या हातात उलटा ठेवला.

“ठीक आहे,” साहेब सीलकडे बघत म्हणाले. “बाई, उद्यापासून या.”

“मी चोर न्हाई, हे फाटकावर सांगा,” आत्या म्हणाली. “वॉचमनला आयकू जाईल असं. तवा कसं सांगितलंत?”

“आता एवढं कशाला ताणायचं?”

आत्याने पदर खोचला आणि ती निघाली. ती परत गेली नाही. साहेबांचा आवाज अजून फाटकापर्यंत पोचलेला नाही. आरोप करताना मात्र तो चांगला पोचला होता.

तुम्ही कधी कळंबला कुणाकडे पाहुणे म्हणून गेलात आणि फळीवर बिनचिठ्ठीचं काचेचं अस्वल दिसलं, तर ते उलटं करून सही वाचा, आणि सगळ्यांसमोर यजमानांना विचारा: फाटकावर सांगितलंत का?