जानेवारीतलं ऊन

"मधला चौक हवाच," गायकवाड काका म्हणाले.

"बाबा, यार, त्या कोर्टयार्डमध्ये एक अख्खी बेडरूम बसते," निखिल म्हणाला.

मी आर्किटेक्ट. बापलेकांची भांडणं ऐकणं हाही माझ्या कामाचाच भाग, त्याची फी मात्र वेगळी मिळत नाही. काका केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेले. जन्म सरकारी क्वार्टर्समध्ये गेला, आता फरीदाबादच्या प्लॉटवर पहिलं स्वतःचं घर. निखिल गुरुग्रामला आयटीत. शेवटी तह झाला: चौक राहील, पण समोर दक्षिणेला, वरच्या मजल्यावर निखिलची मोठी रूम येईल. काकू प्रत्येक मीटिंगला यायच्या आणि "तुम्ही म्हणाल तसं" म्हणायच्या. हे वाक्य ऐकलं की मला धास्तीच वाटते.

जानेवारीत टाइल्सची सॅम्पल्स घेऊन त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटवर गेले. काकू खाली पार्किंगमध्ये सापडल्या. दोन गाड्यांच्या मधे उन्हाचा पट्टा होता, त्यात खुर्ची टाकून मटार सोलत होत्या. बोलता बोलता ऊन सरकलं. काकूंनी खुर्ची उचलली आणि उन्हामागे गेल्या.

"क्वार्टरपुढे लॉन होतं गं. थंडीत दुपारची जेवणंसुद्धा तिथेच व्हायची. इथे गुडघे पार आखडतात. नव्या घरात ऊन येईल ना?"

"बघून सांगते," मी म्हणाले. ऑफिसला येऊन सन स्टडी केला, म्हणजे कुठल्या महिन्यात सावली कुठे पडते ते कॉम्प्युटरवर पाहिलं. दिल्लीकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला, बराच खालून जातो. सावल्या लांब पडतात. समोर दोन मजले चढवले, तर अख्खी थंडी चौकात ऊन नाही. आपल्याकडे चौक सावलीसाठी असतो. इथे मे महिन्यात सावली हवी आणि जानेवारीत ऊन.

मी सुचवलं, समोर एकच मजला ठेवू, निखिलची रूम मागे नेऊ.

"मॅडम, फ्रंट व्ह्यूच गेला ना! आई टेरेसवर बसेल की."

"त्या गुडघ्यांनी जिना चढून?"

निखिल तरीही हो म्हणेना.

मग रविवारी दुपारी सगळ्यांना प्लॉटवर बोलावलं. जमिनीवर चुन्याने घर आखलेलं होतं. समोरची भिंत येणार तिथे दोन उंच बांबू रोवून, दोन मजल्यांच्या उंचीपर्यंत मिस्त्रीकडून ताडपत्री बांधून घेतली. काकू चुन्याच्या चौकात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या. सावली त्यांच्या अंगावरून पार मागे गेली होती. त्यांनी शाल गळ्यापर्यंत ओढली.

निखिलने आईकडे पाहिलं. मग मिस्त्रीला म्हणाला, "भैया, एक मंज़िल पे लाओ."

ताडपत्री अर्ध्यावर आली. ऊन काकूंच्या मांडीवर, खांद्यांवर आलं. त्यांनी शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली.

"मला हे हवंय," काकू म्हणाल्या. इतक्या मीटिंगांमधलं हे त्यांचं पहिलं मत. मला फार बरं वाटलं.

"चलो, मागची रूम," निखिल म्हणाला. काका तर चौक वाचला यातच खूश.

घर झाल्यावर पहिल्याच थंडीत गेले. चौकात लख्ख ऊन होतं आणि काकूंच्या खुर्चीवर निखिल, मांडीवर लॅपटॉप, कानाला हेडफोन, वर्क फ्रॉम होम. काकू मटारची परात घेऊन आल्या.

"ऊठ," त्या म्हणाल्या.

तो कॉल चालू ठेवूनच उठला.

आता नवा क्लायंट आला की चौक हवा का, हे मी नंतर विचारते. आधी विचारते, जानेवारीत दुपारी तुमच्या घरातलं कोण कुठे बसतं? आणि विचारताना गप्प बसलेल्या माणसाकडे बघते.